ताटातलं खरंच कोल्हापूरचं काय?

पुण्याहून येताना किणीचा टोलनाका मागे पडला की महामार्गाच्या दोन्ही बाजूंना पाट्या सुरू होतात. अस्सल, गावरान, चुलीवरचं, घरगुती. अलीकडे त्यात ‘स्थानिक’ची भर पडली आहे. ‘आमचा सगळा माल परिसरातल्या शेतकऱ्यांकडून’ असं मेन्यूकार्डावर छापलेलं असतं, दारात रंगवलेली बैलगाडी उभी असते आणि ताट शेजारच्या खानावळीपेक्षा महाग असतं. अंबाबाईचं दर्शन आणि पन्हाळा उरकून भुकेने कासावीस झालेल्या पाहुण्याने या दाव्याचं करायचं काय?

कायद्याची यात फारशी मदत होत नाही. खाद्यपदार्थांच्या जाहिरातींबद्दल ‘एफएसएसएआय’चे, म्हणजे अन्नसुरक्षेच्या केंद्रीय प्राधिकरणाचे, २०१८ चे नियम आहेत. ‘ताजे’, ‘नैसर्गिक’, ‘पारंपरिक’ हे शब्द कधी वापरायचे याच्या अटी त्यात आहेत. सेंद्रिय मालासाठी वेगळे नियम आहेत आणि ‘जैविक भारत’ हे चिन्हही आहे. ‘स्थानिक’ला असं काही कुंपण नाही. दहा किलोमीटरवरचं स्थानिक, जिल्ह्यातलं स्थानिक की सीमेपलीकडच्या बेळगावातलंही चालेल, हे सगळं मालकाच्या मनावर.

म्हणून हा प्रश्न अख्ख्या ताटाला विचारूच नये, वाटीवाटीला विचारावा. काही जिन्नस जवळून आले की चवीत, ताजेपणात किंवा शेतकऱ्याच्या हातात पडणाऱ्या पैशांत खरोखर फरक पडतो. काही जिन्नस पिढ्यान्‌पिढ्या लांबूनच येत आले आहेत आणि त्याने कुणाचं काही बिघडलेलं नाही. सगळ्यांना एकच माप लावलं की माणूस एकतर पाटीला भुलतो, नाहीतर सगळंच थोतांड म्हणून मोकळा होतो.

पांढरा आणि तांबडा

मटणाच्या ताटापासूनच सुरुवात करू, कारण बाहेरून येणारा बहुतेक जण त्यासाठीच आलेला असतो. दोन्ही रश्श्यांचा पाया एकच, मटण शिजवून निघालेलं पाणी, म्हणजे अळणी. त्यात नारळाचं दूध आणि खसखस, तीळ, काजू यांचं वाटण गेलं की पांढरा; चटणी आणि भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण गेलं की तांबडा.

आता पांढऱ्या रश्श्याचा एकेक जिन्नस घ्या. नारळ घाटाखालून, म्हणजे कोकणातून येतो, नाहीतर कर्नाटकातून. खसखस तर कोल्हापूरचा शेतकरी पिकवूच शकत नाही. ती अफूच्या बोंडातून निघते आणि अफूची लागवड सरकारी परवान्यानेच, तीही मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातल्या ठरावीक भागांत होते. बाकीची तुर्कस्तानसारख्या देशांतून आयात होते. वेलदोडे, मिरे दक्षिणेतून येतात. काजू मात्र जिल्ह्यातला असू शकतो. चंदगड तालुक्यात काजूच्या बागाही आहेत आणि काजूगर काढणारे कारखानेही. थोडक्यात, कोल्हापूरची ओळख सांगणारी ही वाटी मालाच्या हिशेबाने बरीचशी परगावची आहे. तरीही ती कोल्हापूरचीच, कारण ती करण्याची रीत इथली आहे. नारळाचं दूध घातल्यावर रस्सा खळाखळा उकळला की फुटतो. कुठे थांबायचं हे इथल्या आचाऱ्याच्या हाताला ठाऊक असतं. ‘आमचा पांढरा रस्सा शंभर टक्के स्थानिक मालाचा’ असं कुणी म्हणालं तर हसून पुढच्या वाटीकडे वळावं.

मटणाचं गणित वेगळं आहे. कोल्हापूरच्या गिऱ्हाइकाला सकाळी कापलेलंच मटण लागतं. दुकानात टांगलेल्या मटणातला कुठला भाग घ्यायचा हे तो बोट दाखवून सांगतो. शीतपेटीतलं त्याला चालत नाही. मटण म्हणजे इथे निव्वळ खाणं नाही, सार्वजनिक प्रश्न आहे. २०१९ च्या अखेरीस दर वाढले तेव्हा शहरात चक्क आंदोलन झालं होतं. पण हे बकरं वाढतं कुठे? कोल्हापूरच्या पश्चिमेला धो धो पाऊस, मध्ये ऊस. मेंढरांना लागतं ते कोरडं, मोकळं रान, आणि ते सांगलीच्या जत-आटपाडीकडे, सोलापूरकडे, सीमेपलीकडच्या कर्नाटकात. माडग्याळी मेंढी ही जत तालुक्यातलीच जात. म्हणजे जनावर जिवंत प्रवास करून येतं आणि कापलं जातं इथे. अंतर जास्त, पण ताजेपणाला धक्का नाही. तेव्हा या वाटीला विचारायचा प्रश्न ‘कुठलं?’ हा नाही, ‘कधीचं?’ हा आहे. अळणी चाखलं की उत्तर कळतं. ताज्या हाडांचं अळणी पातळ असूनही जिभेवर थांबतं. शिळ्याला वास लपवायला मसाला जास्त लागतो.

आणि तांबडा म्हणजे चटणी. बाहेरच्यांसाठी एवढंच सांगतो की कोल्हापुरात ‘चटणी’ म्हणजे कांदा, लसूण, सुकं खोबरं, तीळ, धणे आणि गरम मसाला घालून कुटलेलं लाल तिखट. मार्च ते मे या काळात घरोघरी वर्षाची चटणी होते; मिरच्या गच्चीवर वाळतात, मग डंकावर, म्हणजे मिरची कुटायच्या यंत्रावर, रांग लागते. डंकाच्या आसपासच्या गल्लीत त्या दिवसांत शिंका आवरणं मुश्कील. मिरची एकाच जातीची नसते. रंगासाठी ब्याडगी. ती कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातली आणि तिला २०११ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. तिखटपणा बेताचा, पण रंग असा की तिचा अर्क लिपस्टिक आणि नखांच्या रंगातही वापरतात. झणझणीतपणासाठी लवंगी. आणि चवीसाठी संकेश्वरी, म्हणजे आपली जवारी मिरची. ती गडहिंग्लज आणि संकेश्वरच्या पट्ट्यात पिकते. हिवाळ्यात गडहिंग्लजच्या बाजार समितीत तिचे सौदे निघतात आणि चांगल्या जवारीला ब्याडगीहूनही चढा भाव मिळतो.

हाच तो जिन्नस जिथे स्थानिक-अस्थानिकचा फरक सरळ जिभेला कळतो. जवारी महाग म्हणून तिचं प्रमाण कमी केलं किंवा बाजारातली तयार पूड घातली, की रस्सा लाल दिसतो, तिखट लागतो, पण घास गिळल्यावर मागे काहीच उरत नाही. चांगल्या चटणीचा तिखटपणा हळूहळू चढतो आणि त्यामागून लसणाचा गोडसर वास येतो. मालकाला एवढंच विचारा: ‘चटणी घरची का?’ घरची असेल तर तो किती किलो कुटली, कुठल्या डंकावर कुटली आणि यंदा मिरची किती महाग होती, हे सगळं न विचारता सांगेल. नसेल तर ‘एक नंबर हाय बघा, खाऊन तर बघा’ एवढ्यावर आवरतं घेईल.

जाता जाता एक गोष्ट. मिरची हे पीकच मुळात अमेरिका खंडातलं. पोर्तुगिजांच्या जहाजांतून ती आपल्याकडे आली. शिवकाळाच्या फार तर शे-सव्वाशे वर्षं आधी. त्यामुळे ‘हजारो वर्षांची तांबड्या रश्श्याची परंपरा’ असं कुठे छापलेलं दिसलं तर त्या कार्डावरच्या बाकीच्या दाव्यांकडेही जरा सावधपणेच बघावं.

भाकरी आणि भात

कोल्हापूर जिल्हा पूर्व-पश्चिम ओलांडला तर शंभरेक किलोमीटर भरतो. पश्चिमेला गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि पूर्वेला शिरोळमध्ये पाचशेच्या आसपास. एवढ्याशा अंतरात पीक पार बदलतं. घाटाकडे भात आणि नाचणी, मधल्या काळ्या रानात ऊस, पूर्वेला भाजीपाला, सोयाबीन, थोडा शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी.

ज्वारीची भाकरी कोल्हापुरी ताटात हवीच, पण त्यातला बराचसा शाळू सोलापूर, मंगळवेढा, विजापूरकडचा. मंगळवेढ्याच्या ज्वारीला स्वतःचं भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे तिकडची म्हणून सांगितली तर त्यात कमीपणा काहीच नाही. भाकरीत गोम पिठाची असते. दळून आठवडे उलटलेल्या पिठाची भाकरी थापताना चिरते, टम्म फुगत नाही. आज दळलेलं, तव्यावरून थेट ताटात आलेलं, एवढं पुरे. नाचणीची भाकरी मात्र जिल्ह्यातल्याच नाचणीची असण्याची शक्यता चांगली. शाहूवाडी, गगनबावडा, आजरा, चंदगड या डोंगरी तालुक्यांत ती पिकते आणि तिथल्या छोट्या शेतकऱ्याला नगदी पैसा देणाऱ्या मोजक्या पिकांपैकी ती एक आहे.

तांदळाच्या बाबतीत नीट विचारपूस करावी. आजरा घनसाळ हा आखूड दाण्याचा, सुवासिक तांदूळ. २०१६ पासून त्याला भौगोलिक मानांकन आहे. आता हे मानांकन म्हणजे काय, ते समजून घेऊ, कारण मेन्यूकार्डावर ‘जीआय’ ही दोन अक्षरं हल्ली मिरवायला वापरतात. एखाद्या मालाचा गुण किंवा नावलौकिक विशिष्ट भूभागाशी, तिथल्या माती-पाण्याशी किंवा कारागिरीशी जोडलेला आहे हे सिद्ध झालं, की १९९९ च्या कायद्याखाली त्या नावाची नोंद होते. त्यानंतर त्या भागाबाहेरचा माल त्या नावाने विकता येत नाही. नोंद दहा वर्षांची, नूतनीकरण होत राहतं. पण मानांकन मालाला असतं, हॉटेलला नसतं. शिवाय ते उगम सांगतं. सेंद्रिय आहे, ताजं आहे किंवा दाम शेतकऱ्याला मिळाला, यातलं काहीही ते सांगत नाही. घनसाळचं उत्पादन कमी, दाम जास्त, त्यामुळे भेसळीचा मोह मोठा. घनसाळचा भात शिजताना वास घरभर जातो. ताट समोर आलं आणि भाताला काहीच वास नाही, तर कार्डावर काहीही असो, तो दुसरा तांदूळ आहे.

गूळ आणि दूध

या दोन गोष्टींत कोल्हापूर निर्विवाद कोल्हापूर आहे. गुळाची पेठ म्हणून शाहूपुरी वसवली ती राजर्षी शाहू महाराजांच्या काळात, १८९५ मध्ये. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये मानांकन मिळालं. दिवाळीच्या आसपास गुऱ्हाळं पेटतात ती उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतात. उसाचा रस मोठ्या काहिलीत चढवतात, चुलवाणात चिपाडंच जळण म्हणून जातात, मळी वर आणायला भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात. पाक नेमका कधी उतरवायचा हे गुळव्या ठरवतो. चार मिनिटं इकडेतिकडे झाली तर ढेप बसत नाही किंवा करपते.

गोची रंगात आहे. बाजाराला पिवळाधमक गूळ आवडतो, म्हणून काही ठिकाणी रंग उजळायला ‘हायड्रोस’ नावाची पूड घालतात, आणि वजन व कडकपणासाठी साखर. कोल्हापुरी गूळ मुळातच इतर भागांतल्या गुळापेक्षा फिका सोनेरी असतो, त्यामुळे ‘काळा तेवढा चांगला’ हा शहरी नियम इथे चालत नाही. पण लिंबासारखा पिवळा दिसला तर हात आखडता घ्यावा. जेवणानंतर मालकाने गुळाचा खडा दिला तर चघळून बघा. साखर मिसळलेला गूळ नुसता गोड लागतो. हंगामात आलात तर गुऱ्हाळावरच जावं. शहराबाहेर करवीर, पन्हाळा, कागल तालुक्यांत रस्त्यावरूनच धूर दिसतो. काकवी तिथूनच घ्यावी, दुकानातून नको.

दुधाचं सांगायचं तर, शहरात संध्याकाळी गंगावेशीसारख्या ठिकाणी म्हशी उभ्या असतात आणि तुमच्यासमोर धार काढून फेसाळ पेला हातात देतात. पंढरपुरी जातीच्या म्हशी, शिंगं खांद्यापलीकडे गेलेली. या जातीचं वैशिष्ट्य असं की ती घरापासून दूर, गर्दीत, दारोदार फिरवतानाही पान्हा सोडते. म्हणून शहरातल्या गवळ्यांना ती सोयीची. तिचं वैरणही बहुधा उसाचं वाडं, म्हणजे तेही इथलंच. ‘स्थानिक’ची याहून कडक व्याख्या करायची तर म्हैस टेबलाशी बांधावी लागेल.

मात्र जवळचं म्हणजे निर्धोक, असं समजू नका. न उकळलेल्या दुधातून ब्रुसेलोसिस आणि क्षयासारखे आजार येऊ शकतात. इथली माणसं लहानपणापासून धारोष्ण दूध पीत आली आहेत हे खरं, पण लहान मुलं, गरोदर बायका आणि आजारातून उठलेली माणसं यांनी तो मोह टाळावा. त्यांच्यासाठी आटवलेलं दूध, बासुंदी आहेच.

गंमत म्हणजे कोल्हापूरच्या हॉटेलातलं बरंचसं दूध पिशवीतलंच असतं आणि तेही स्थानिकच. ‘गोकुळ’ म्हणजे कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ, १९६३ सालचा. जिल्ह्यातल्या गावोगावच्या संस्थांमधून दूध गोळा होतं आणि त्यातलं पुष्कळ मुंबई-पुण्याला जातं. पिशवी बघून नाक मुरडणाऱ्या पाहुण्याने हे लक्षात ठेवावं. बैलगाडीच्या चित्रापेक्षा त्या पिशवीतून गावात जास्त पैसे पोचलेले असतात.

मग हॉटेलवाले सरळ शेतकऱ्याकडून का घेत नाहीत?

कायद्याची आडकाठी आता नाही. २०१६ मध्ये राज्य सरकारने फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून बाहेर काढला. तेव्हापासून शेतकरी आपली वांगी कुठल्याही हॉटेलला थेट देऊ शकतो. अडचण व्यवहाराची आहे. समजा, एखाद्या खानावळीत रविवारी तीनशे ताटं लागतात आणि सोमवारी चाळीस. श्रावणात मटणाची मागणी खाली बसते, सुट्ट्यांत पर्यटकांची झुंबड उडते. शेतातलं वांगं काही खानावळीचा वार बघून पिकत नाही. त्यात शेतकऱ्याला पैसे रोख हवेत आणि हॉटेलवाल्याला पंधरा दिवसांची उधारी. ही उधारी देतो तो व्यापारी. तो भाजी आणून देतो, एका फोनवर चार क्रेट जादा पाठवतो आणि हिशेब महिन्याने करतो. मधला माणूस म्हणून आपण त्याला शिव्या घालतो, पण खानावळ चालू राहते ती त्याच्या भांडवलावर.

या साखळीत मालाचा पत्ता हरवतो. मार्केट यार्डात पहाटे सौदे झाले की शिरोळची वांगी आणि बेळगावकडची वांगी एकाच टेम्पोत बसतात. कांदा नाशिककडचा, बटाटा आग्रा-इंदूरकडचा, आणि ते तसंच असणार. म्हणून ‘सगळं स्थानिक’ म्हणणाऱ्यापेक्षा ‘वांगी, दूध आणि तांदूळ आम्ही अमुक गावातून घेतो, बाकी मार्केटचं’ असं सांगणारा मला जास्त खरा वाटतो.

पर्यावरणाचा मुद्दा थोडक्यात उरकतो, कारण त्याबद्दल गैरसमज फार. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या दोघा अभ्यासकांनी २००८ मध्ये तिथल्या घरगुती अन्नाचा हिशेब मांडला. अन्नामुळे होणाऱ्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात सगळ्या वाहतुकीचा वाटा ११ टक्के निघाला. उत्पादकापासून दुकानापर्यंतच्या शेवटच्या टप्प्याचा तर ४ टक्केच. बाकी जवळजवळ सगळं पिकवण्यात आणि जनावरं पोसण्यात. आकडे तिथले असले तरी दिशा इथेही तीच आहे: शेजारच्या गावातल्या मटणाचा भार लांबून आलेल्या मसुरीपेक्षा जास्तच. पर्यावरणासाठी खायचं तर अख्खा मसूर मागवा. मटण मागवायचं तर चवीसाठी मागवा, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

काय विचारायचं

‘लोकल आहे का?’ असं विचारलं तर ‘हो’ शिवाय दुसरं उत्तर येत नाही. त्याऐवजी ‘आज काय नाही?’ असं विचारा. बाराही महिने सगळं मिळतं तिथे मार्केट आहे, शेत नाही. पावसाळ्यात टाकळा, कुरडू, भारंगी या रानभाज्या गगनबावडा-राधानगरीकडून बायका पाटीत घेऊन येतात. त्या पंधरा-वीस दिवसांत संपतात. जूनजुलैत समुद्रातल्या मासेमारीला बंदी असते, तेव्हा ‘ताजा सुरमई’ म्हणजे बर्फातला. मालक म्हणाला, ‘पाव्हणं, ती भाजी आता संपली, पुढच्या पावसात या,’ तर त्या खानावळीत निर्धास्त बसा.

पन्हाळ्यावर झुणका-भाकर आणि गाडग्यातलं दही घेऊन बसणाऱ्या मावश्यांना हे काही विचारावं लागत नाही. दही त्यांच्या घरचं, खर्डा समोर वाटलेला. तिथे पैसे थेट करणारीच्या हातात जातात. मेन्यूकार्ड छापण्याचा खर्चच नाही. स्वच्छतेबद्दल शंका असेल तर गरम तेवढं खा, पाणी आपलं प्या.

शेवटी दराचं. जवारी मिरची, घनसाळ, बिनरसायनी गूळ, सकाळचं मटण हे सगळं विकत घेणाऱ्यालाच महाग पडतं. त्यामुळे स्थानिक मालाचं ताट थोडं महाग असणं स्वाभाविक आहे. फक्त तो फरक कुठल्या वाटीत गेला हे मालकाला सांगता आलं पाहिजे. बैलगाडीत गेला असेल तर आपल्याला काय उपयोग? उलटही तितकंच खरं. घनसाळचा भात घातलेलं ताट साध्या ताटाच्याच किमतीला मिळत असेल तर एकतर मालक तोट्यात आहे, नाहीतर तांदूळ आजऱ्याचा नाही. आणि कोल्हापूरचा हॉटेलमालक तोट्यात धंदा करील, असं मला तरी वाटत नाही.